मंजूर मीच म्हटलं

फोन आला तेव्हा मी अंबाडी नाक्यावर शेवग्याच्या शेंगा निवडत होते. दामूभाऊंचं नाव बघून आधी नवलच वाटलं, कारण हे माझे थोरले दीर गेल्या काही वर्षांत मला कधी फोन करत नसत. "शैला, मंजू गेली," एवढंच म्हणाले. मागे कुणाच्या तरी रडण्याचा आवाज होता आणि त्याच्याही मागे यंत्रमागांचा, लूमचा खटखटाट... शेजारच्या कारखान्यानं नेहमीसारखी दुपारची शिफ्ट चालू ठेवली होती. मी शेंगा परत टोपलीत ठेवल्या. भाजीवालीनं विचारलं, काय झालं? म्हटलं, माझी मोठी जाऊ गेली, भिवंडीला. "कोन गो?" मी नाव सांगितलं. "म्हंजी ती महापौर? ती पैशात धरलेली?" आणि मग तिनंच जीभ चावली, स्वतःची पाण्याची बाटली माझ्यापुढं धरली. मला तिचा राग आला नाही. दुसऱ्या दिवशी पेपरातही तेवढंच होतं. लाचप्रकरणी शिक्षा झालेल्या माजी महापौर मंजुळाबाई यांचं निधन. थोड्याच ओळी, आणि त्यातल्याही बहुतेक गुन्ह्याच्या.

त्या ओळी खोट्या आहेत असं मी म्हणणार नाही. म्हणूनच हे लिहायला इतके दिवस लागले. "कशाला जुनं उकरून काढतेस," असं घरात सगळ्यांनी सांगितलं. माझ्या नवऱ्यानं, रमेशनं, तर अबोला धरलाय. त्याचं कारण पुढं येईलच.

मी लग्न होऊन त्या घरात गेले ती कल्याणहून, डी.एड. करून, शाळेतली नोकरी हातात घेऊन. निजामपुऱ्याच्या गर्दीतून रिक्षा बाहेर पडली की खाडीच्या अंगाला आमचं गाव. गाव म्हणायचं एवढंच. सासऱ्यांच्या काळात तिथं भातशेती होती, मी गेले तेव्हा चारी बाजूंनी लूमचे कारखाने आणि गोदामं उभी राहिली होती आणि मधोमध आमचं दुमजली सिमेंटचं घर. दोन भाऊ. थोरले दामूभाऊ जमिनीचे व्यवहार करायचे आणि नगरसेवक होते, धाकटा रमेश त्यांच्या मागं मागं. घर चालवायची मंजुळाताई. वज्रेश्वरीच्या बाजूच्या एका खेड्यातली, दहावी झालेली. मी तिला अहो-जाहो करायला लागले तर पहिल्याच आठवड्यात तिनं ते बंद करायला लावलं. "मी काय तुझी हेडमास्तरीन हाय? ताई म्हन आन् तू म्हन." वाचायचं वेड मात्र माझ्यापेक्षा तिला जास्त. भजी बांधून आलेला कागद सुद्धा ती ओठ हलवत शेवटपर्यंत वाचायची, मगच चुलीपाशी टाकायची. दामूभाऊंकडे येणाऱ्या लोकांचे अर्ज तीच वाचायची आणि चहा देता देता त्यांना सांगायची, "खाली तारीख टाकली न्हाय तुमी." भाऊंना ते आवडायचं नाही.

माझ्या लेकीच्या, पूर्वाच्या वेळची गोष्ट सांगायलाच हवी, कारण पुढचं सगळं तिथून सुरू होतं. दुपारी मला कळा सुरू झाल्या. घरात पुरुष कोणी नव्हते. ताईनं गल्लीतली रिक्षा धरली आणि आम्ही ठाण्याला निघालो, कारण जवळच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाई नव्हत्या. कल्याण नाक्याच्या पुढं कंटेनरची रांग लागली होती. पुढं जागा नाही, मागं जागा नाही. दोन्ही बाजूंना ट्रकची चाकं, वर धूर, आणि मी त्या सीटवर आडवी. रिक्षावाला म्हातारा मुसलमान होता, तो उतरून पाठ करून उभा राहिला आणि स्वतःचा गमछा त्यानं एका बाजूला पडद्यासारखा धरला. दुसऱ्या बाजूला ताईनं साडीचा पदर बांधला. "वरड," ती मला म्हणाली, "लाजू नको. इथं कोन तुज्या वलकीचा हाय?" पूर्वा त्या रिक्षात जन्मली. ताईच्या हातात. आम्ही तशाच, पोर पोटाशी धरून, त्या रांगेत बराच वेळ अडकून पडलो होतो. ताई एकदाही घाबरली नाही. घरी आल्यावर मात्र मोरीत जाऊन मोठ्यानं रडली, ते मला सासूबाईंनी नंतर सांगितलं.

पुढं वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला. भाऊंचा पहिला विचार माझा होता, कारण मी शिकलेली, पण माझी नोकरी आडवी आली. मग ताई. जेवताना त्यांनी तिला सांगितलं, "तुला कायच करायचं न्हाय. फक्त हात जोडायचे." ती भात वाढता वाढता म्हणाली, "हात जोडायला बाई कशाला पायजे? पुतला उभा करा." सगळे हसले, तीही हसली. फलकावर भाऊंचा फोटो मोठा आणि तिचा कोपऱ्यात. पण प्रचाराला ती दारोदार गेली तेव्हा बायकांना तिनं भाऊंचं काही सांगितलं नाही, त्या रिक्षाची गोष्ट सांगितली. मराठीत, हिंदीत, जमेल तशा उर्दू शब्दांत. आणि वॉर्डातला एक रिकामा प्लॉट दाखवून म्हणायची, हा कागदावर प्रसूतिगृहासाठी राखून ठेवलाय, मी निवडून आले तर इथं प्रसूतिगृह होईल, माझ्या जावेवर आली ती वेळ तुमच्यावर येणार नाही. लूमवर काम करणाऱ्यांच्या बायका दाराआडून ऐकायच्या. ती निवडून आली, आणि भाऊ कधी आले नव्हते इतक्या फरकानं आली.

पहिलं वर्ष ती सभेत गप्प बसली. भाऊ बाहेर गाडीत बसायचे आणि मोबाइलवर हात वर कर, खाली कर असं सांगायचे. ती मात्र विषयपत्रिका घरी आणून रात्रीच्या भांड्यांनंतर वाचायची. शब्द अडला की मला विचारायची. "शैले, तहकूब म्हंजी? पुरवणी म्हंजी?" मग एका सभेत पाणीपट्टी वाढवायचा विषय आला आणि तिनं माइक मागितला. कुणी देईना, तर उठून शेजारच्याचा ओढून घेतला. टेकडीवरच्या कामगारवस्तीच्या बायका गॅलरीत बसल्या होत्या, त्यांना कळावं म्हणून हिंदीत बोलली. "साहब, हमारे नल में पानी नहीं, हवा आती है. हवा का बिल कौन भरेगा?" गॅलरीत हशा झाला, टाळ्या झाल्या. त्या दिवशी घरी येताना तिचा चेहरा मी पाहिला. माझ्या शाळेत एखादी मागच्या बाकावरची मुलगी पहिल्यांदा फळ्यापाशी येऊन गणित सोडवते ना, तसा. भाऊ रात्री जेवले नाहीत.

महापौरपदही पुढं महिलांसाठीच आलं. पक्षाकडं आकडा पुरेसा नव्हता, इकडचे तिकडचे नगरसेवक जमवायचे होते, आणि जमवलेले फुटू नयेत म्हणून त्यांना घाटापलीकडच्या एका हॉटेलात नेऊन ठेवलं. त्या सहलीचा खर्च एका शेठनं केला. शेठचं नाव घेत नाही. गोदामांवर गोदामं बांधणारा माणूस, बोलायला गोड, आमच्या घरी आला की सरळ स्वयंपाकघरापर्यंत येऊन "भाभी, आज जिताडा है क्या?" असं माशांचं विचारणारा. निवडणुकीच्या आदल्या दिवशी हॉटेलात भाऊंनी आणि शेठनं ताईसमोर एक कागद ठेवला. तिचा राजीनामा. तारीख कोरी. "सगल्याच पक्षांत असंच असतं," भाऊ म्हणाले. तिनं नेहमीसारखा तो शेवटपर्यंत वाचला आणि सही केली.

त्या दिवशी महापालिकेबाहेर गुलाल उडाला. सासूबाईंना खुर्चीत बसवून आणलं होतं. महापौरांचा तो जाड झगा ताईच्या अंगावर चढवला तेव्हा ती माझ्या कानात म्हणाली, "शैले, यात घाम सुटला तर पुसायचा कुठून गो?" मी हसले. ती हसली नाही. पण मी हेही सांगते की तिला ती खुर्ची आवडायची. लोक उगाच म्हणतात की बिचारी बाई, नवऱ्यानं बसवली. सकाळी लवकर उठून, डबा करून, साडीला इस्त्री करून ती तयार होऊन गाडीची वाट बघायची, जशी मी शाळेची वाट बघायचे. टेकडीवर पाइप नेण्याचं काम तिनं अक्षरशः भांडून मंजूर करून घेतलं. इंजिनिअरांना घेऊन उन्हात वर चढायची. भाऊ तिच्या केबिनमधल्या सोफ्यावर दिवसभर बसलेले असायचे, लोक आधी त्यांना नमस्कार करायचे. एकदा तिनं सगळ्यांसमोर त्यांना म्हटलं, "तुमी जरा बाहेर बसा, मना साहेबांशी बोलायचंय." ते बाहेर बसले. घरी येऊन त्यांनी ताटाला हात लावला नाही आणि तिच्याशी आठवडाभर बोलले नाहीत. ती मला म्हणाली, "बोलले न्हाय तर बरंच हाय, तेवरं वाचून होतं."

आणि मग शेठनं तो प्लॉट मागितला. प्रसूतिगृहाचाच. रस्त्याला लागून होता, त्याला तिथं मोठी इमारत बांधायची होती. आरक्षण उठवायचा ठराव महासभेत यायला हवा आणि तो आणणं महापौरांच्या हातात. ताईनं नाही म्हटलं. शेठ हसला, जेवून गेला. पुन्हा आला, पुन्हा नाही म्हटलं. मग टेकडीच्या पाइपचं काम अचानक थांबलं, ठेकेदार फोन घेईना. हॉटेलात राहून आलेले नगरसेवक एकेक करून कुरकुरू लागले, अविश्वास ठराव येणार अशी कुजबुज पेपरात आली. भाऊ घरात भांडी आपटायला लागले. त्यांनी शेठकडून काय काय घेतलं होतं ते ताईला तेव्हा थोडं थोडं कळत गेलं. घरावर बांधलेला वरचा मजला, दारातली गाडी... सगळं त्याच्याच जिवावर. ती ज्या पलंगावर झोपत होती तो सुद्धा.

एका रविवारी आम्ही दोघी ओट्यावर कोळंबी सोलत बसलो होतो. ती बोटं चालवत होती आणि बघत होती भलतीकडेच. म्हणाली, "न्हाय म्हटलं तर खुर्ची जाते. खुर्ची गेली का पाइप जातो. मग टेकरीवरच्या बायांना काय तोंड दाखवू? आन् हो म्हटलं तर तुज्या पूर्वाला काय तोंड दाखवू?"

"राजीनामा दे," मी म्हटलं. "स्वतः जाऊन दे. सगळ्यांसमोर सांग, का देतेस ते."

"राजीनामा यांच्या खिशात हाय गो. मी काय देनार?" मग जरा थांबून म्हणाली, "आन् देऊन येऊ कुठं? याच घरात ना?"

मी पुढची कोळंबी उचलली. त्या घरात मीही राहत होते.

पुढच्या महासभेत पाण्यावरून गोंधळ सुरू असताना, अर्धे लोक उभे राहून ओरडत असताना, आयत्या वेळचा विषय म्हणून तो ठराव आला. सचिवांनी नुसता विषयाचा क्रमांक वाचला. ताईनं माइक तोंडाशी नेला आणि आवाज फुटला नाही. दुसऱ्यांदा म्हणाली, "मंजूर." गॅलरीतल्या कुणाला कळलंही नाही काय मंजूर झालं ते. संध्याकाळी ती घरी आली ती थेट माझ्या खोलीत. पूर्वा अभ्यास करत होती. "ये, तुजी वेणी घालते," म्हणाली, आणि इतकी घट्ट घातली की पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. ताईला ते दिसलं नाही. ती केस ओढत राहिली, रिबीन आवळत राहिली, शेवटी मी तिचा हात धरला.

पाइपचं काम सुरू झालं. टेकडीवर पाणी पोचलं, बायकांनी तिला ओवाळलं. पण आता शेठला माहीत झालं होतं आणि भाऊंनाही माहीत झालं होतं की ती हो म्हणते. एकदा हो म्हटल्यावर पुढच्या वेळी नाही म्हणायला वेगळं कारण लागतं, आणि ते तिच्याकडं उरलं नव्हतं. एका मागून एक विषय आले. विरोधक तिला मंजूरताई म्हणायला लागले. घरात पैसे आले. तिला माहीत होतं. तिनं स्वतःसाठी काही घेतलं नाही असंही मी म्हणणार नाही. तिच्या हातात सोन्याच्या पाटल्या आल्या, माहेरी भावाचं पक्कं घर झालं. मी विचारलं तेव्हा पाटल्या मागंपुढं करत म्हणाली, "चिखलात उतरलेच हाय, तर पाय सुके ठेवून काय करू?" तेवढ्या एका वाक्यापुरती ती मला परकी वाटली. नंतरही ती फारशी हसली नाही, ओठ हलवत काही वाचताना दिसली नाही. विषयपत्रिका न उघडताच गाडीत टाकून न्यायला लागली.

एका ठेकेदाराचा विषय तिनं सभेत अडवून ठेवला होता. खरं तर भाऊंनी अडवायला लावला होता, पण त्याच्याशी फोनवर बोलली ती ताई. "रमेशकडे देऊन टाका, मग विषय घेऊ." ते बोलणं त्या माणसाच्या फोनवर उतरलं होतं, आणि तो लाचलुचपतवाल्यांकडं गेला होता. दुपारची वेळ. मी शाळेतून नुकतीच येऊन चप्पल काढत होते. पुढच्या खोलीत रमेश, तो ठेकेदार, आणि रमेशच्या हातात पिशवी. दार ढकलून साध्या कपड्यांतली माणसं आत आली. एकानं रमेशची दोन्ही मनगटं धरली. काचेच्या भांड्यात पाणी आणलं, त्यात त्याची बोटं बुडवली, आणि नोटांना आधीच लावून ठेवलेल्या पावडरीनं ते पाणी गुलाबी झालं. इतका सुंदर गुलाबी रंग... माझ्या डोळ्यांपुढून तो अजून जात नाही. रमेश माझ्याकडं बघत होता आणि बोटं वर उचलायला घाबरत होता. भाऊ गावाला गेले होते. ताई आतून आली, हात पुसत. तिनं पाणी पाहिलं, रमेशला पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. त्या अधिकाऱ्याला म्हणाली, "बसा." तो म्हणाला, "बाई, तुम्हाला यावं लागेल." ती म्हणाली, "साडी बदलून येते. बाई पाठवा संगती, पलून न्हाय जात मी." त्याच दिवशी पक्षानं तो कोऱ्या तारखेचा राजीनामा काढून तारीख घातली.

कोठडी झाली, मग जामीन झाला, मग वर्षानुवर्षं ठाण्याच्या कोर्टाच्या फेऱ्या. भाऊ आरोपी नव्हते. फोनवर ते नव्हते, घरात ते नव्हते, आणि ताईनं चौकशीत त्यांचं नाव घेतलं नाही. रमेशचा कामधंदा सगळा गेला. आम्ही अंबाडीला येऊन राहिलो. मी नोकरी धरून होते म्हणून चूल पेटत होती. कोर्टाच्या तारखेला ताई आणि रमेश एकाच बाकावर बसायचे, मी त्यांच्यामध्ये डबा घेऊन. ताईच्या वकिलांनी तिला वाट दाखवली होती. तिनं सांगायचं की मी नावाची महापौर होते. फारशी शिकलेली नाही, कळत नव्हतं, दीर आणि इतर लोक सांगतील तसं बोलायचे. ठेकेदार काय देणार आहे ते मला ठाऊक नव्हतं, कागदपत्र असतील असं वाटलं. "कोर्टाला पटेल," वकील म्हणाले, "बायकांच्या बाबतीत पटतंच. तुम्ही सुटाल." पैसे रमेशच्या हातावर सापडले होते, तो नाहीतरी अडकलेला होता. म्हणजे मग तो एकटाच अडकला असता. हे बोलणं माझ्यासमोर झालं. ताई मान हलवत होती. मला वाटलं, तिनं मान्य केलं. घरी आल्यावर मी रमेशला सांगितलं नाही, पण पूर्वाला सांगितलं आणि आम्ही मायलेकी स्वयंपाक न करता बसून राहिलो.

मग तो दिवस आला. साक्षी संपल्या होत्या. न्यायाधीशांनी तिला एकेक प्रश्न विचारला आणि शेवटी म्हणाले, तुम्हाला आणखी काही सांगायचंय का? ताई उभी होती. तिनं कठड्याला हात लावला नव्हता. शाळेत मुलं कविता म्हणताना उभी राहतात तशी सरळ उभी होती, आणि बोलली शुद्ध भाषेत, जपून जपून.

"साहेब, माझे वकील म्हणतात मी नावाची महापौर होते. तसं नाही. मला वाचता येतं. टेकडीवर पाणी नेलं ते मी नेलं. आणि हे पैसेही मीच मागितले. दवाखान्याचा प्लॉट दिला, तेव्हा सभेत मंजूर मीच म्हटलं. दुसरं कोणी माझ्या तोंडानं बोललं नाही."

वकिलांनी हातातलं पेन टेबलावर टाकलं. मागच्या बाकावरून भाऊ उठले आणि दार ढकलून बाहेर गेले. प्लॉटचा त्या खटल्याशी काही संबंधही नव्हता. न्यायाधीशांनी लिहायचं थांबवून तिच्याकडं पाहिलं, "बसा तुम्ही," असं म्हणाले. ती बसली. माझ्याजवळच्या बाटलीतलं पाणी प्यायली. शिक्षा दोघांनाही झाली, वरच्या कोर्टात अपील झालं, दोघं पुन्हा जामिनावर. ते अपील अजून तिथंच आहे. ताईच्या बाबतीत आता ते निघणारही नाही. ती निर्दोष सुटली नाही, आणि शिक्षा भोगून मोकळीही झाली नाही.

दामूभाऊंनी पक्ष बदलला आणि ते पुन्हा उभे राहायच्या तयारीला लागले. पुढच्या खोलीत पुन्हा खुर्च्या लागल्या, माणसं यायला लागली. त्यांच्यासमोर ताई दिसलेली चालत नव्हती. भाऊंनी तसं तोंडानं कधी सांगितलं नाही. कुणी आलं की ते मधला दरवाजा ओढून घ्यायचे, एवढंच. मग ती मागच्या बाजूला राहायला लागली. स्वयंपाकघराच्या पाठीमागं एक अरुंद पडवी आहे, तिच्यापुढं गल्ली आणि गल्लीपलीकडं कारखान्याची भिंत. दिवसभर तो खटखटाट. तिथं तिनं एक प्लॅस्टिकची खुर्ची टाकली. महापौर असताना जी सगळ्या शहरभर फिरली ती बाई त्या पडवीत एवढी वर्षं बसून होती. बाहेर पडली की लोक बघायचे, म्हणून बाहेर जाईना. माहेरी जाईना, कारण भावाचं ते घर कशातून झालं ते त्या गावालाही कळलं होतं.

पण गल्लीतून बायका यायला लागल्या. आधी एक आली, मग दुसरी. मागच्या दारानं, चपला हातात घेऊन. कुणाचं रेशनकार्ड, कुणाचा दाखला, कुणाच्या घरात मोरीचं पाणी. ताईच्या हातात आता काही नव्हतं. ती कागद घ्यायची, ओठ हलवत शेवटपर्यंत वाचायची आणि सांगायची की अमक्या मजल्यावर जा, तमक्या टेबलावर विचार, आणि तो नाही म्हणाला तर तिथंच उभी राहा. "मेरा नाम मत लेना," हे मात्र प्रत्येकीला बजावायची.

पावसाळा सरल्यावर मी तिला भेटायला गेले ती शेवटची. पाय सुजले होते, दम लागत होता. पूर्वाला दिवस गेल्याचं सांगितलं तर तिनं माझा हात दोन्ही हातांत घेतला. मग मी ते विचारलं, जे इतकी वर्षं विचारलं नव्हतं. "ताई, कोर्टात तू तसं का बोललीस? रमेशसाठी?"

तिनं माझ्याकडं बघितलं आणि चक्क हसली. "तुज्या नवऱ्यासाटी न्हाय गो. यवरी का येडी हाय मी?"

"मग?"

"तो वकील म्हनाला, तुमाला वाचता येतं असं सांगू नका..." दम घेतला. "शैले, मी सगल्या जल्मात एकच काम केलं. थोरं चांगलं केलं, वाईट जास्त केलं. पन मी केलं. तेबी यांच्या नावावर लिवून देऊ? मंग मी होते कवा?"

लूमचा आवाज चालू होता. मला वाटलं ती अजून काही बोलेल. पण ती पूर्वाला कोणत्या दवाखान्यात नाव घालणार ते विचारत बसली, आणि तिथं जायला रस्ता कसा आहे तेही.

तेराव्यानंतर मी दोन दिवस तिथं राहिले, तिच्या साड्या आवरायला. दुसऱ्या दिवशी सकाळी पडवीचं दार वाजलं. टेकडीवरची एक बाई होती, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद. "ताई हैं क्या?" मी सांगितलं. ती दारातच उभी राहिली, पिशवी छातीशी धरून. "लड़की का नाम स्कूल में गलत लिख दिया है," असं जरा वेळानं म्हणाली, जणू आल्याचं कारण तरी सांगायला हवं. मी म्हटलं, आण, मी बघते. तिनं मान हलवली, पण पिशवी दिली नाही. "थोड़ी देर बैठूँ इधर?" असं विचारलं आणि ताईच्या खुर्चीत न बसता खुर्चीशेजारी जमिनीवर टेकली. मी पाणी आणून दिलं.

पुढच्या खोलीत भाऊंची माणसं जमायला लागली होती. कुणीतरी मधला दरवाजा ओढून घेता घेता आत डोकावलं. "वहिनी, मागं कोन आलंय?"

"ताईकडे आलेत," मी म्हटलं.